नथिंग टू ॲड

लंडनमधल्या आमच्या वेम्बलीच्या घरात ‘कौन्सिल’ या शब्दाचे दोन अर्थ होते. माझ्या लेखी कौन्सिल म्हणजे कचरा उचलणारं, लायब्ररी चालवणारं इथलं कौन्सिल. सासऱ्यांच्या लेखी कौन्सिल एकच, शंभर वर्षांपूर्वीचं, मुंबईच्या गव्हर्नराचं कायदे कौन्सिल. त्यांचे आजोबा त्यात सरकारने नेमलेले मेंबर होते. पगडी सावरत त्यांनी भर सभेत गव्हर्नराला कसे खडे बोल सुनावले, ही कथा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावी लागे.

त्यामुळे इथल्या पक्षाने मला कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहाल का, असं विचारलं तेव्हा सासरे चक्क हसले. “अगं, कौन्सिलात बसायला जीभ लागते. तुला मिल्कमनशी धड भांडता येत नाही इंग्रजीत.”

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मला उभं राहायचं होतं. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता आणि तो मिक्सरखाली कोराच पडून होता.

गुरुवारी मी सासऱ्यांना ट्यूब रेल्वेने एका जुन्या दप्तरखान्यात घेऊन गेले. त्या कौन्सिलच्या कामकाजाचे छापील खंड तिथे होते आणि आजोबांचं भाषण ऐकायचंच, असा त्यांनी हट्ट धरला होता. त्यांचे डोळे अधू, तेव्हा वाचायचं मी.

पहिल्या खंडात आजोबा हजर. दुसऱ्यातही हजर. पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरलं, तिथेही हजर. बाकीचे ऑनरेबल मेंबर पानंच्या पानं बोलत होते. आमचे ऑनरेबल मुकाट. अखेर दारूच्या कायद्याच्या बिलावर गव्हर्नराने त्यांना नाव घेऊन विचारलं. सासरे खुर्चीत पुढे सरसावले. मी वाचलं, “आय हॅव नथिंग टू ॲड.”

“पान उलट,” सासरे म्हणाले.

उलटलं. बिल मंजूर झालं होतं.

मला असं हसू फुटलं की तिथल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं. मग सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली. परतीच्या गाडीत नीसडन स्टेशन आलं. मग म्हणाले, “फॉर्म भरून टाक. त्यांच्याहून कमी काय बोलशील?”

मी निवडून आले. पहिल्या मीटिंगला सासरे कोट-टाय घालून वर गॅलरीत बसले. विषय कचऱ्याच्या डब्यांचा. आठवडाभर आरशासमोर भाषण घोटलं होतं. माझं नाव पुकारलं, सगळ्या माना वळल्या आणि घोटलेलं सगळं विसरले. तोंडून एवढंच निघालं, “आय हॅव नथिंग टू ॲड.”

गॅलरीत एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बसस्टॉपवर मला रडू आवरेना. सासऱ्यांनी खिशातला रुमाल काढून दिला.

“रडतेस काय? पुढच्या वेळी बोलशील. आजोबांना टाळ्या वाजवायला तिथे घरचं कुणीसुद्धा नव्हतं.”