नदी आलीच समजा

माझा नवरा सायकल विकायला निघाला तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. त्या सायकलीशी माझं कधी पटलं नाही. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाड खरबरीत टायर, आणि दिवाणखान्यात सोफ्याशेजारी मानाची जागा. दर रविवारी हा माणूस उजाडायच्या आत तिच्यावर बसून जायचा आणि दुपारी गुडघ्यांपर्यंत लाल धुळीनं माखून परत यायचा. डांबरी रस्ता त्याला वर्ज्य, जायचं ते शेतांमधल्या कच्च्या वाटांनी. "तिकडे एक गाडी लागत नाही," असं तो कौतुकानं सांगायचा, आणि मी त्याचे मोजे चिमटीत धरून बादलीत टाकायचे.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. दवाखाना, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. सगळं वेळेवर झालं आणि माणूस घरी आला. पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी सायकलचीही मुभा दिली. अट एकच, चालवताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की खाली उतरायचं. पण हा काही सायकलवर बसेना. आज वारा आहे, उद्या कोणाचं लग्न आहे, परवा टायरमध्ये हवा नाही. तो घाबरला होता. मीही घाबरले होते. तो बाथरूममध्ये गेला की मी बाहेरून काहीबाही विचारत राहायचे, आतून उत्तर येईपर्यंत. ऑपरेशन एकाचं झालं होतं, पण घरात आजारी आम्ही दोघं होतो.

डिसेंबरात त्यानं जाहीर केलं, सायकल विकतोय. नागपुरातल्याच मिहानमध्ये, तिथल्या कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारा कोणी तरुण सोमवारी बघायला येणार होता. हे सांगताना त्याचं तोंड इतकं उतरलं, की मला स्वच्छ दिसलं: सायकल गेली की हा माणूस कायमचा आजारी होऊन खुर्चीत बसणार. माझं डोकं फिरलं. आणि माझं डोकं फिरलं की मी भांडत नाही, बेत आखते.

"विका," मी म्हटलं. "पण त्याआधी मले एकदा ते रस्ते दाखवा. इतकी वर्षं नुसतं ऐकूनच राहिली."

"तू सायकल चालवशील?"

"कॉलेजात असताना महालातल्या घरून धरमपेठेपर्यंत चालवत होती मी."

"तेव्हा रस्त्यात गाई होत्या वं. आता ट्रक आहेत."

"म्हणूनच तर म्हणते, पांदणीनं जाऊ."

पुण्याला गेलेल्या मुलीची जुनी गिअरची सायकल माळ्यावरून उतरली, आणि रविवारी दोन्ही सायकली गाडीच्या मागे बांधून आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी मागे टाकली. सावनेरच्या बाजूला एका ओळखीच्या चहावाल्याच्या अंगणात गाडी लावली. बेत अगदी छोटा होता. पांदणीनं पहिल्या नाल्यापर्यंत जायचं, तिथे डबा खायचा आणि मुकाट्यानं परत यायचं.

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी गावाची वाट. पूर्वी तिथून बैलबंड्या जायच्या, आता बऱ्याच ठिकाणी मुरूम टाकून ती पक्की केली आहे. दोन्हीकडे बोरी-बाभळी, पलीकडे पिवळ्या फुलांनी भरलेली तूर आणि फुटलेला कापूस. चाकाखाली मुरूम कुरकुर वाजतो, बाकी काही नाही. नागपुरात हॉर्नशिवाय कान कसे असतात ते मी विसरूनच गेले होते. दहा मिनिटांत मला इतकं छान वाटायला लागलं, की नवऱ्याला हे कबूल कसं करायचं याचीच पंचाईत झाली.

त्याचं मात्र निम्मं लक्ष वाटेवर आणि निम्मं स्वतःच्या छातीकडे होतं.

"बोला!" मी मागून ओरडले.

"काय बोलू?"

"काहीही. डॉक्टरांनी सांगितलं आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला सलग बोलायला लावणं सोपं नसतं. शेवटी तो पाढे म्हणायला लागला. छोट्याशा चढावर सतराच्या पाढ्यात तो मध्येच थांबला आणि मी जोरात पायडल मारत त्याच्या बरोबरीला आले.

"दम लागला का?"

"नाही. सतरा साती विसरलो."

नाला लगेच आला. नाला कसला, चार दगड आणि थोडं शेवाळ. डबा उघडावा असंही तिथे काही नव्हतं. बाजूच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांतली एक धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी आली आणि आमच्याकडे काळजीनं पाहत म्हणाली, "सायकलनं काहून आले जी? गाडी बिघडली का?"

मौजेखातर आलो, असं मी सांगितलं. तिनं आधी नवऱ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, "कन्हान नदी इथून किती दूर आहे?"

"हे काय वं माय, आलीच समजा. त्या चढाच्या मांगंच हाय."

इथे मी शहाणपणानं वागायला हवं होतं. आमच्या भागात वाटसरूला 'लांब आहे' असं कोणी सांगतच नाही. ते जिवावर येतं, दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं वाटतं. माझ्या वडिलांच्या गावातही हीच रीत. अंतर विचारणाऱ्याला अंतर नको असतं, धीर हवा असतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि तरीही त्या बाईच्या शब्दावर मी सायकल चढाकडे वळवली. शहरात राहून माणूस भाबडा होतो, दुसरं काय.

चढाच्या मागे उतार होता, आणि उताराच्या मागे त्याहून मोठा चढ. नदीचं नाव नाही. समोरून एक ट्रॅक्टर आला. चालवणारा आम्हाला पाहून थांबलाच.

"बसा न जी, सायकली टाका ट्रॉलीत. सोडून देतो."

त्याला मोठ्या मुश्किलीनं नको म्हटलं आणि नदी विचारली.

"नदी? हे काय, पाण्याचा आवाज येऊन राहिला न."

आवाज त्याच्या ट्रॅक्टरचा येत होता. तो गेल्यावर आम्ही कान देऊन उभे राहिलो; एक होला घुमत होता, बस. पुढे संत्र्याची बाग लागली. बागेच्या मालकीणबाईंनी बोलावून हातावर संत्री ठेवली, पाणी दिलं, आणि नदीचं विचारल्यावर आम्हीच वेडे असल्यासारखं म्हणाल्या, "पोचले न तुम्ही! दोन वळणं राहिली."

ती दोन वळणं संपेनात तेव्हा माझा धीर सुटला. गाडी कितीतरी मागे राहिली होती, मोबाइलला धड रेंज नव्हती, आणि माझ्या हट्टापायी मी या माणसाला एवढ्या आडरानात आणलं होतं. "फिरा मागे," मी म्हटलं. "बस झालं."

तो माझ्या पुढे होता, चढावर. "काहून फिरू?" तो म्हणाला. "तो ट्रॅक्टरवाला काय, त्या बाई काय, सगळ्यांनी आपल्याला येड्यात काढलं. आता नदी पाहिल्याशिवाय मी काही जात नाही. इतकी गोडबोली माणसं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत." पुढेही तो बरंच काही म्हणत राहिला, अजिबात न अडखळता, उभा चढ चढत. पाढ्यांची गरजच उरली नव्हती. मी त्याच्या मागे पायडल मारत राहिले.

आणि कन्हान दिसली. रुंद वाळूचं पात्र, मधून निळं पाणी, पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी म्हशी. त्यानं बूट काढले आणि सरळ पाण्यात जाऊन उभा राहिला. आम्ही डबा खाल्ला. पोळ्यांचा पार लगदा झाला होता, तरी एक कण उरला नाही. तिथे रेंज असावी, कारण त्या मिहानच्या तरुणाचा फोन आला. नवरा म्हणाला, "नाही जी, आता द्यायची नाही. अहो, विचार बदलला, दुसरं काही नाही." मी संत्रं सोलत होते. मला आनंद झाला, खूपच झाला. पण पाठोपाठ भीतीही वाटली, की आता हा दर रविवारी जाणार आणि मी घरी बसून घड्याळ बघणार.

परतताना माझे पाय कामातून गेले होते. एका लांब चढावर तो पुढे निघाला, वळणावर वळला आणि दिसेनासा झाला. मी हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस माझ्या नजरेआड म्हणून झाला नव्हता. ती शांतता, जी सकाळी मला एवढी आवडली होती, आता अंगावर आली. मी सायकलवरून उतरले आणि ती ढकलत अक्षरशः पळत चढ चढले. नाही नाही ते मनात येत होतं.

वर पोचले. खाली पांदण लांबवर सरळ दिसत होती, आणि तिच्या पार टोकाशी तो होता, बोराएवढा, धूळ उडवत उतारानं सुसाट चाललेला.

लग्न झाल्यापासून हा माणूस बाजारात, स्टेशनवर, लोकांच्या लग्नकार्यात माझ्या दहा पावलं पुढे चालत आला आहे. मागे वळून बघत नाही, म्हणून मी जन्मभर त्याच्याशी भांडले. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तो माझ्या बाजूनं चालायचा, माझ्या चालीनं, माझा दंड धरून, आणि ते मला बघवत नव्हतं.

"अहो, थांबा न जरा!" मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले.

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिथेच धुऱ्यावर बसकण मारली आणि आनंदानं पोटभर रडले.