ठकीची नखं

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे हातात घेऊन रांगेत उभी होते. माझा नवरा सुहास कामासाठी हॅम्बुर्गला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, म्हणून कार्ल्सरूहेच्या हॉस्पिटलमधल्या बाईंनी मला गाठलं. माझे मोठे दीर, विद्याधर भावजी, सकाळी घरीच कोसळले आणि हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर थोड्याच वेळात गेले, असं त्यांनी अगदी सावकाश, मला जर्मन कळतंय ना याची खात्री करत सांगितलं. मग त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, अँब्युलन्समधल्या लोकांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, ती तुमच्या कानावर घालावी असं वाटतं... मांजरीला बाहेर सोडू नका. बस्स, एवढंच. भावाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. मी ट्रे तिथेच ठेवला आणि डार्मश्टाट स्टेशन गाठलं. गाडीत मला रडू आलं नाही. अँब्युलन्सवाल्यांनी जाताना दार नीट ओढून घेतलं असेल ना, एवढंच डोक्यात फिरत होतं.

भावजींच्या घराचं दार लावलेलं होतं. त्यांची मांजर ठकी वॉशिंग मशीनच्या मागे अंग चोरून बसली होती. मी एका वाटीत दूध ओतलं तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मांजरांना दूध देऊ नये, हे भावजींनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. मला मांजरं आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचकांचा भलताच समज व्हायचा. पण ठकीला बाहेर का सोडायचं नाही हे मला ठाऊक होतं. तिच्या पुढच्या दोन्ही पायांना नखं नाहीत. कुत्रं मागे लागलं तर झाडावर चढता येत नाही, दुसरं मांजर अंगावर आलं तर पंजा मारून उपयोग नाही. आणि ती नखं भावजींनीच काढवून घेतली होती.

भावजींना ओळखणाऱ्या कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही. मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकणारा माणूस. पण त्याच्याही आधी ते नियमाचे माणूस होते. जर्मनीत जन्माला यायचे ते चुकून नाशिकला आले, असं आम्ही म्हणायचो. रस्ता दूरवर मोकळा असला, वर पाऊस पडत असला, तरी सिग्नलचा लाल माणूस हिरवा होईपर्यंत हे उभे. रविवारी इथे घरात आवाज करायचा नसतो, म्हणून त्यांच्या घरी रविवारी मिक्सर लावायला बंदी. साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर दाण्याचं कूट शनिवारीच करून ठेवायचं. मी एकदा विसरले आणि उशीखाली मिक्सर धरून कूट करायला निघाले, तर त्यांनी शांतपणे प्लगच काढून घेतला. म्हणाले, "मेधा, खिचडी पुढच्या रविवारीही होते." त्या दिवशी आम्ही ब्रेडजॅम खाल्ला. सुहास हसत होता, मी धुमसत होते.

ते इथे यायच्या आधी बरीच वर्षं अमेरिकेत होते, गाड्यांच्या भागांचा कारखाना असलेल्या मिडवेस्टमधल्या एका गावात. लग्न केलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत कारखान्याच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली त्यांना मांजरीचं पिल्लू सापडलं. त्याचं नाव ठकी ठेवलं, ते तिकडे एकाही अमेरिकनाला नीट म्हणता आलं नाही. पुढे त्यांनी नवीन फ्लॅट घेतला, तेव्हा भाडेकरारात एक कलम होतं : मांजर ठेवायची असेल तर तिची नखं काढलेली असली पाहिजेत, म्हणजे गालिचे फाटत नाहीत. भावजींनी ते वाचलं आणि सही केली. आपण परदेशात गेलो की एक वाक्य आपल्या तोंडात बसतं, ‘इकडे असंच असतं.’ गावी असतो तर घरमालकाशी तासभर वाद घातला असता. परक्या देशात आपण छापील कागदापुढे मान खाली घालतो. प्रगत देश आहे, डॉक्टर करून देतात, म्हणजे त्यात वावगं काय असणार? प्राण्यांच्या डॉक्टरांनी मांजरीची नसबंदी आणि नखं एकाच वेळी उरकून दिली. ठकी घरी आली ती पायांना बँडेज बांधून. कित्येक दिवस ती पाऊल टेकवताना थांबायची, ते बघून यांना वाटलं, होईल बरी हळूहळू.

नखं काढतात म्हणजे काय करतात, हे त्यांना कार्ल्सरूहेला आल्यावर कळलं. कंपनीने इकडे बदली केली, ठकी विमानातून आली आणि तिला लस द्यायला म्हणून ते इथल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या बाईंनी सवयीने तिचा पंजा हातात घेऊन दाबला. दाबलं की नखं बाहेर येतात म्हणे. काहीच आलं नाही. त्यांनी दुसरा पंजा दाबला. मग विचारलं, अपघात झाला होता का? भावजींनी खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे कायद्याने याला बंदी आहे. मग त्यांनी लस टोचली, आणि जाईपर्यंत भावजींकडे एकदाही पाहिलं नाही. "ओरडली असती तर बरं झालं असतं गं," ते मला म्हणाले होते. हे सांगताना त्यांनी माझं बोट हातात घेतलं आणि टोकाच्या पेरावर आपल्या नखाने रेघ ओढली. "इथून. नख नाही कापत, हे पेर कापतात. दहाही बोटांचं."

त्यानंतर त्यांना शांतता लाभली नाही. आमची अन्वी तेव्हा लहान होती. तिला मराठी सगळं समजतं पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. तिने ठकीला मांडीवर घेऊन सरळ विचारलं, "वारूम, काका?" आम्ही मोठी माणसं हा ‘का’ टाळत होतो. भावजी तिला म्हणाले, करारात लिहिलं होतं म्हणून. तिला ते पटलं नाही. त्यांनाही पटलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ते त्या अमेरिकेतल्या गावाच्या मागे लागले. तिकडे हा कायदा सगळीकडे एक नाही. काही राज्यांनी, काही गावांनी आपापल्यापुरती बंदी घातली आहे, बाकीच्यांनी नाही. भावजींना त्यांच्या गावच्या नगरपरिषदेत ठराव हवा होता : मांजरांची नखं काढायची नाहीत आणि घरमालकाने तशी अट घालायची नाही. एक बाई सदस्य त्यांना अनुकूल होत्या. सभा तिकडच्या दुपारी भरायची, म्हणजे इकडे जर्मनीत संध्याकाळ. नागरिकांना व्हिडिओवरून तीन मिनिटं बोलता यायचं. मी एकदा त्यांच्याकडे होते तेव्हा पाहिलंय. घरातल्या घरात कोट, टाय आणि पायात बूट. मी म्हटलं, अहो भावजी, बूट कुणाला दिसणार आहेत? तर म्हणाले, मला दिसतात. त्यांचा नंबर आला, ते बोलू लागले आणि एका सदस्याने मध्येच विचारलं की आपण सध्या गावात राहता का. भावजी म्हणाले, मी राहत नाही, पण माझ्या मांजरीची नखं तिथेच राहिली आहेत. कुणी हसलं नाही. तीन मिनिटं संपली, आवाज बंद झाला, यांचं तोंड अजून हलत होतं... आम्हाला खोलीत ऐकू येत होतं, त्यांना तिकडे नाही. ठराव त्या दिवशी पुढे ढकलला, पुढच्या वेळीही ढकलला. कधी डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं यायचं असे, कधी घरमालकांचं.

मी चिडले होते. म्हटलं, झालं ते झालं, एका गावाने बंदी घातली म्हणून ठकीला काय नखं फुटणार आहेत? लोक शेजारच्या गावात जाऊन करून आणतील. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "म्हणून मग शेजारच्या गावातही हवी." मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मेधा, काही माणसांना आतून कळतं. मला नाही कळलं. मला कागद कळतो. तिथे लिहिलं होतं काढा, मी काढली. इथे लिहिलंय काढायची नाहीत. मी आधी इथे आलो असतो तर ठकीचे पाय शाबूत असते, आणि मी हाच असतो, ह्याच्याहून चांगलाही नाही, वाईटही नाही. माझ्यासारखी माणसंच जास्त असतात गं. त्यांच्यासाठी लिहून ठेवायला नको का?"

आपण समजतो की माणूस चांगला असला म्हणजे पुरे. भावजी चांगले होते, आणि तरी ते झालं. त्यांनी क्षमा कुणाकडे मागायची? ठकी रात्री त्यांच्याच पायाशी झोपायची. तिने कसली तक्रारच केली नव्हती, आणि त्यांना तेच जास्त छळायचं.

ते गेल्यावर महिना उलटून गेला आणि तो विषय पुन्हा सभेपुढे आला. आम्ही परिषदेला लिहून विचारलं होतं, त्यांच्या जागी आम्ही बोललो तर चालेल का. अतिशय सभ्य भाषेत नकार आला, बोलणारा गावात राहिलेला असावा लागतो. रास्तच होतं. भावजींनीही हाच निर्णय दिला असता. मग आम्ही दोघं संध्याकाळी नुसतं बघायला बसलो. आधी एका पुलाच्या दुरुस्तीवर बराच वेळ गेला. मग त्या अनुकूल बाईंनी ठराव वाचला, ‘मी मांडते’ म्हणाल्या. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन?

कोणीच बोललं नाही. एक गृहस्थ पाणी पीत होते. एक बाई पुढचं पान काढून बसल्या होत्या. आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या सभेत विषय काय आहे हे न ऐकताच मागच्या खुर्चीवरून कोणीतरी ‘अनुमोदन’ ओरडतं, चहाला उशीर नको म्हणून. तिथे तेवढंही कोणी नव्हतं. सुहास फार बोलणारा माणूस नाही. भावाच्या अंत्यविधीतही त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तो स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "अनुमोदन." मग जरा मोठ्याने, इंग्रजीतून, पुन्हा एकदा. आम्हा बघणाऱ्यांचा माइक तिकडून बंदच होता. अध्यक्ष म्हणाले, अनुमोदनाअभावी ठराव बारगळला, आणि पुढचा विषय पार्किंगचा निघाला. सुहासने लॅपटॉप मिटला नाही. पार्किंगचं सगळं ऐकून घेतलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणखी काय करणार?

ठकी आता आमच्याकडे आहे. भावजींच्या घरून आम्ही फारसं काही आणलं नाही, एक खुर्ची मात्र आणली. तांबड्या कापडाची, ते वाचायला बसायचे ती. आमच्याकडे आल्यापासून ठकी रोज सकाळी त्या खुर्चीपाशी जाते, मागच्या पायांवर उभी राहते, पाठ ताणते आणि पुढचे दोन्ही पंजे खुर्चीच्या बाजूवर वरून खाली ओढते. पुन्हा वर नेते, पुन्हा ओढते. कुठलंही मांजर ओढतं तसंच, अगदी मन लावून. आवाज होत नाही. काम झालं की समाधानाने खुर्चीवर चढून भावजींच्या जागी बसते. घरातल्या सामानावर चहाच्या कपाचा डागही मला खपत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तरी ती उतरून गेली की मी रोज खाली वाकते, कापडावरून हात फिरवून बघते. कापड अगदी नवीन असल्यासारखं आहे.