खिडकीसमोरचा गुलमोहर

शिंपीमास्तरांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधला अरुंद जिना, एवढंच त्यांचं जग. मूलबाळ नव्हतं. बायको काजं-बटणं करायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पाही तीच मारायची. मास्तर ओठांत टाचण्या धरून नुसते हं हं करत.

मग अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. आपलं बोलणं लोकांना कळत नाही हे ध्यानात आल्यावर तिनं बोलणंच टाकलं. डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायामही ती करेना. मास्तरांनी तिची खाट खिडकीशी सरकवली. समोर लाकडाच्या वखारीपाशी जुना गुलमोहर होता. त्याच्याकडे बघत तिचा दिवस सरायचा.

एका वादळात तो मुळासकट आडवा झाला. वखारवाल्यानं तोडून नेला, आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. मास्तर खाली उतरले. रस्त्यात पडलेल्या काळ्या, हातभर लांब शेंगा तेवढ्या उचलून आणल्या, बिया खिडकीतल्या कुंडीत पेरल्या आणि नेमानं पाणी घालत राहिले. मातीवर शेवाळ धरलं, पण कोंब काही येईना.

हे सगळं ती पाठमोरी पडून ऐकत होती. तिचे वडील माळी होते. अखेर तिला राहवलं नाही.

"अहो, कवच," ती कशीबशी म्हणाली.

"कपाट? उघडू का?"

ती हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मग एकेक शब्द जुळवत तिनं सांगितलं की बी वरून दगडासारखं असतं, आत पाणी शिरत नाही. कवच जरासं घासायचं आणि कोमट पाण्यात भिजत घालायचं. मास्तर कात्रीला धार लावायचा दगड घेऊन बसले, पण त्यांची घाई बघून तिनं दगड आपल्याकडे मागितला. बी मुद्दाम अधू उजव्या हाताच्या चिमटीत धरलं. ते निसटून खाटेखाली गेलं. मास्तर सवयीनं सुया शोधायचं लोहचुंबक घेऊन वाकले आणि स्वतःशीच ओशाळले. तिनं दुसरं बी घेतलं. तेही निसटलं. त्यानंतर रोज सकाळी ती दगड मांडीवर घेऊन बसू लागली.

घासलेल्या बिया पाण्यात टम्म फुगल्या. त्यांतल्या मोजक्याच उगवल्या. त्यातल्या एका रोपानं जोर धरला.

"फुलं कधी येतील?" मास्तरांनी विचारलं.

"पाच-सहा वर्षांनी. जास्तही लागतील."

मास्तर बोटांवर वर्षं मोजू लागले. तिच्या ते लक्षात आलं.

"मला कुठं जायचंय?" ती म्हणाली.

वखारवाल्यानं जागा द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. लावायच्या दिवशी तिनं खाली यायचा हट्ट धरला. मास्तरांच्या खांद्यावर भार टाकत, पायरी-पायरीवर टेकत ती जिना उतरली. माती तिनं दोन्ही हातांनी दाबली.

गुलमोहर आता खिडकीच्या वर गेला आहे, दर उन्हाळ्यात फुलतो. वखारीतले हमाल दुपारी त्याच्या सावलीत डबा खातात. कुणी खोडाला खिळा ठोकू लागलं की वरून तिचा आवाज येतो. बोलणं अजून जड आहे, पण दटावणी सगळ्यांना नीट कळते.