मामाचा बर्फावरचा पोरगा

बर्फावर नाचणाऱ्या माणसाची खरी पारख असलेला माणूस साऱ्या मुरबाड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा मोठा मामा. स्वतः मामानं आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीच्या टोपलीत आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर. पण परदेशातला एक विश्वविजेता फिगर स्केटर आहे, बुटांखाली धारदार पाती लावून बर्फावर गिरक्या घेणारा. त्याच्याबद्दल मामा असा बोलतो, जणू त्याला बोट धरून चालायला यानंच शिकवलं. त्याचं नाव मामाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून तो त्याला ‘आपला पोरगा’ म्हणतो. मामी ‘तुमचा घसरगुंडीवाला’ म्हणते.

मामा वैशाखऱ्याचा. तीस वर्षं त्यानं माळशेज घाटातून भाजीचा टेम्पो चालवला, त्यामुळे त्याची परीक्षकाची भाषाही टेम्पोचीच. मोबाइलवर त्या खेळाडूची जुनी स्पर्धा लावायची, आवाज बंद करायचा, कारण शेजारी बसून बडबडणारा क्लीनर त्याला कधीच चालला नाही, आणि मग स्वतः हलक्या आवाजात सांगत राहायचं, “आता बघ, वळण येतंय. झुकला का आतल्या अंगाला? पण स्पीड सोडला नाय. आता उडी... टेकला! पोटातलं पाणी हललं नाय बघ.” बघताना तो चपला काढून ठेवतो. स्पर्धा थेट असली तर मामीला लादी पुसायला मनाई असायची. नाक्यावरच्या चहावाल्यानं एकदा विचारलं, “काय रे, तो चमचम कपडे घालून नाचतो तो गडी तुझा कोण लागतो?” मामानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि आठ दिवस नाक्याकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी चहावाला स्वतःच घरी आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, “दाखव तरी, काय करतो तो.” तेव्हापासून तोही आमच्यातला झाला.

हे वेड लागलं कसं, ते सांगायला हवं. एका श्रावणात, पावसात भिजलेल्या घाटात, एका वळणावर मामाचा टेम्पो घसरला. जागच्या जागी त्यानं एक पूर्ण गिरकी घेतली आणि कठड्याला लागून उभा राहिला. कोणाला खरचटलंही नाही. कोबीचे गड्डे तेवढे दरीत गेले. मामानं टेम्पो हळूहळू घरी आणला, आंब्याखाली लावला, किल्ली मामीच्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. पुढची दोन वर्षं टेम्पोत कोंबड्या अंडी घालत होत्या आणि मामा ओटीवर बसून होता. मामी म्हणायची, “माणूस आहे घरात, पण आवाज नाय गो घराला.”

मग डोळे तपासायला म्हणून मी त्याला आसनगावला माझ्या घरी आणलं. दुपारी टीव्हीवर कुठलीशी जुनी स्पर्धा लागली होती. निळ्या सदऱ्यातला तो उंच पोरगा धावत आला, उडाला, आणि सपशेल आडवा झाला. मामा ताठ बसला.

“पडला ना रे हा?”

“पडला.”

“एवढ्या माणसांत?”

तोवर तो उठून पुन्हा गिरकी घेत होता, हात पसरून, जणू झोपेत. संगीत संपेपर्यंत मामा हलला नाही. मग म्हणाला, “याचं आणखी काय आहे का रे तुझ्याकडं?” दोन वर्षांत त्यानं मागितलेली ती पहिली गोष्ट.

पुढं त्या खेळाडूनं आपली आठवणींची वही पुस्तक करून छापली, तेव्हा मी ती मागवली. पुस्तक इंग्रजीत, मामाचं इंग्रजी ट्रकच्या मागच्या पाटीपुरतं. म्हणून दर रविवारी मी वैशाखऱ्याला जायचं आणि वाचता वाचता मराठीत सांगायचं, असं ठरलं. एखादा परिच्छेद मी कंटाळून गाळला, की मामा लगेच पकडायचा. “पान भरलेलं होतं. तू दोनच ओळी सांगितल्यास.” मामी वाल सोलत बसायची, ऐकत नसल्यासारखी. तो लहान असताना त्याची आई पहाटेच्या काळोखात उठून त्याला सरावाला न्यायची, हे ऐकून मात्र तिचे हात थांबले. “त्याच्या आयशीला झोप नाय कधी,” ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. वरच्या पाड्यावरची एक म्हातारी रानभाजी द्यायला येई, तीही टेकू लागली. तिनं विचारलं, “हा बरफ म्हंजे गाराच ना? मग इतळत कशा नाय?” मामानं तिला समजावण्यात एक अख्खी दुपार घालवली. शेवटी ती म्हणाली, “गारांवर नाचतो म्हंजे पाय थंड पडत असतील लेकराचे.”

सहावं प्रकरण पडण्याचं होतं. एका मोठ्या स्पर्धेत पडल्यावर तो हिवाळाभर बर्फाकडं फिरकला नव्हता. मग एके दिवशी गेला. नुसते बूट घातले, नाड्या बांधल्या, बाकावर बसला, नाड्या सोडल्या आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

“परत वाच,” मामा म्हणाला. मी वाचलं. “परत.”

पुढच्या रविवारी गेलो तर ओटी रिकामी. मामीनं स्वयंपाकघरातूनच आंब्याकडं बोट केलं. कोंबड्या बाहेर हिंडत होत्या आणि मामा टेम्पोत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, इंजिन बंद. “चार दिस असेच बसतात,” मामी कुजबुजली. “मी काय बोलले नाय. चहा तिथंच देते.” मीही शेजारी जाऊन बसलो आणि सातवं प्रकरण तिथंच वाचलं.

असे कितीतरी रविवार गेले. मग नवी बॅटरी आली, टायर आले, आणि भादव्यातल्या एका सकाळी मामा म्हणाला, “बसा दोघं.” घाटात धुकं उतरलं होतं. झाडं, कठडा, समोरचा डोंगर, सगळं पांढऱ्यात विरघळलेलं. ते वळण आलं तेव्हा मामीनं माझं मनगट घट्ट धरलं. मामानं गिअर बदलला, चाक अलगद फिरवलं, आणि टेम्पो कापडातून कात्री सरकावी तसा वळणातून बाहेर आला. मग मामी म्हणाली, “टेकलात बरं का. पाणी हललं नाय.” मामा इतका हसला, की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तो खेळाडू आता स्पर्धांतून निवृत्त झाला आहे. पुस्तकही दोनदा वाचून झालं. मामानं सांगून माझ्याकडून त्याला एक पत्र लिहून घेतलं होतं: ‘तू पडलास ते बरं झालं, असं म्हणत नाही. पण उठलास ते इथं आमच्यापर्यंत दिसलं.’ उत्तर आलेलं नाही. मामाला त्याचं काही वाटत नाही. “पोचलं असंल,” एवढंच तो म्हणतो.

परवा मुक्कामाला गेलो होतो. भात कापून झालेलं, आणि सकाळी शेतांवर धुकं बर्फासारखं असं सपाट पसरलेलं, की बांधसुद्धा दिसत नव्हते. मामा कांबळं पांघरून बराच वेळ तिकडं बघत होता.

“आता त्याच्याकडं किती वाजले असतील रे?”

“अजून रात्र आहे मामा तिकडे. झोपला असेल.”

“मग हळू बोल,” मामा म्हणाला.