एका महिन्याची मुदत

आमच्या मेहुण्यांनी जन्मात एकही कपडा ठरल्या दिवशी दिला नाही. शिंपी म्हणून हात सोन्याचा, पण शब्दाचा भरवसा शून्य. गिऱ्हाईक दारात दिसलं की, "फक्त काज-बटण राहिलंय, परवा या." काज-बटण करायची माझी बायको, त्यांची धाकटी बहीण. ती आतून ओरडायची, "दादा, त्यांचं कापड अजून कापलंसुद्धा नाहीस!" गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट परवा यायचं. दिवसभर बैठं काम, वर गोडाचा नाद. पोट सुटून मशीनला टेकायचं. "आधी दादाचं पोट घरात येतं, मग दादा," असं ती सगळ्यांना सांगत सुटायची.

तिला कावीळ झाली. साधीच असेल म्हणून घरीच ठेवली. एका सकाळी ती मलाच विचारायला लागली, "तुम्ही कोण?" हॉस्पिटलात सांगितलं, लिव्हर अचानक पार निकामी झालंय, दुसऱ्या कोणाच्या लिव्हरचा तुकडा बसवणं एवढाच उपाय. माझा रक्तगट जुळला नाही. मेहुण्यांचा जुळला, तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो.

मग त्यांचं स्कॅनिंग झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लिव्हरमध्येच चरबी फार आहे. हे घेतलं तर तुमच्याही जिवाला धोका, आणि त्याही वाचायच्या नाहीत."

"चरबी ना? उतरवतो की," मेहुणे अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले. "एका महिन्याची मुदत द्या. नुसत्या पाण्यावर राहतो."

"महिन्यात उतरेलही. पण त्यांच्याकडे फार तर दोन-तीन दिवस आहेत."

मेहुण्यांना मुदत नाकारणारं हे पहिलंच माणूस. ते उठले आणि जिना चढू-उतरू लागले. तळमजल्यापासून वरपर्यंत, पुन्हा खाली. अन्नाला शिवेनात. मी चिडून म्हटलं, "दादा, तहान लागल्यावर विहीर खणून काय होणार?" ते थांबले नाहीत. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? कोणाचं मरणोत्तर दान केलेलं लिव्हर मिळालं, तर ते आधी तिलाच द्यायचं ठरलं होतं, आणि ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी खुर्चीतून ताडकन उठलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, मग पुन्हा मारली, आणि मान हलवली. लिव्हर बंद पडल्याने मेंदू सुजून संपला होता. आता लिव्हर बसवून उपयोग नव्हता. ते दुसऱ्या कोणाला गेलं. त्या दुसऱ्या कोणाचा मला राग आला, अजून येतो. थोड्याच वेळात ती गेली. मेहुण्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ते जिन्यावर होते.

कठडा धरत, घामाने निथळत ते वर आले.

"भाऊजी, बाईंना म्हणावं, पुन्हा तपासा. बराच हलका झालोय."

"दादा, ती गेली."

ते तसेच उभे होते. त्यांची धाप काही थांबेना.

"मग आता मी बसू?"