चेहऱ्यापुरता उजेड

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो काढत नाहीत. सौंसरमध्ये काय, पांढुर्ण्यात काय, सगळीकडे तेच. एकट्याचा फोटो म्हणजे हाराचा फोटो, असं लोक मनात धरून चालतात. ऑपरेशनची तारीख मिळालेल्या माणसाला तर कॅमेऱ्यासमोर एकटं बसवायची कुणाची छाती होत नाही. मग काही निमित्त काढून सगळे जमतात, ग्रुप फोटो होतो, आणि पुढे गरज पडलीच तर त्यातला एक चेहरा कापून मोठा करतात. आमच्या भिंतीवरची आजी अशीच कापलेली आहे. तिच्या गालाशी मोठ्या काकूचा हिरव्या ब्लाउजातला अर्धा खांदा अजून आहे. तो फोटो बाबांनीच कापून आणला होता.

नागपूरहून बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा मला पहिल्यांदा तो खांदाच आठवला. स्वतःचा राग आला, पण भीती रागाला ऐकत नव्हती. धोका किती आहे ते डॉक्टरांनी मला आणि भावाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. बाबांना कुणी काही बोललं नव्हतं. त्यांचा धड एक फोटो घरात नव्हता, होते ते मोबाईलवरचे, हललेले. आणि घरात कॅमेरा हाताळणारी मीच, शाळेच्या गॅदरिंगमध्ये खुर्च्यांवर चढून फोटो काढणारी मास्तरीण.

निमित्त मिळालं, भावाच्या मुलीचं बारसं. पण माझ्याकडे कॅमेऱ्यातच बसवलेला असतो तेवढाच फ्लॅश. त्याच्यानं पुढच्या रांगेचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे येतात आणि मागची रांग काळोखात जाते. त्यातून बाबांचा चेहरा कापायचा म्हटलं तर काय हाती लागणार? म्हणून शाळा सुटल्यावर पांढुर्ण्याची बस पकडली आणि तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

दुकानदार लग्नांचे फोटो काढून काढून मुरलेला माणूस. त्यानं काउंटरवर दोन फ्लॅश ठेवले, एक लहान, एक मोठा.

"ग्रुप काढाचा हाय का एकट्याचा?"

"दोन्ही," मी म्हणाले. आणि तोंडातून निघूनच गेलं, "एकाच फोटोत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लहान फ्लॅश परत खोक्यात ठेवला.

"मंग हा मोठा न्या, मॅडम. याचा उजेड मागच्या रांगेपर्यंत पोचते. आन चेहरा मोठा केला तरी फोटोत दाणे दिसत नाही. चष्मा हाय का त्याईले?"

मी कुणाचं नावही काढलं नव्हतं.

"हाय," मी म्हणाले.

"तं फ्लॅश कॅमेऱ्यावर नका ठेवू. बाजूले, उंच बांधा. नाही तं काच चमकते आन डोळे दिसत नाही." त्यानं फ्लॅश दुरून चालवायचा ट्रिगर आणि आपला मोबाईल नंबर दिला. आणखी काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

घरी येऊन मी खोकं उघडलं तर बाबा समोरच.

"बारशाले एवढा मोठा लाइट कायले पाह्यजे?"

"पाहुणे लय येऊन राहिले बाबा. रामाकोन्याचे, तिगावचे, सगळे."

"हं," बाबा म्हणाले. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर जन्म काढलेला माणूस. किती पाण्याला कुठला व्हॉल्व्ह, हे ज्याला कळतं त्याला मुलीचा चेहरा वाचता येत नसेल का? पण त्यांना काही कळलं नाही, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली.

फ्लॅश तपासून बघायला आईबाबांना पलंगावर शेजारी बसवलं आणि फ्लॅशचं तोंड छताकडे केलं. छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो हे मला ठाऊक होतं. आमचं छत पोपटी आहे हे मात्र मी विसरले. दोघंही पडद्यावर हिरवट आले, महिनाभर खाटेला खिळल्यासारखे. मी घाईनं तो फोटो पुसून टाकला आणि फ्लॅश सरळ केला.

या वेळी रंग ठीक आला. पण बाबांचे डोळे मिटलेले होते.

पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. कितीदा काढला तरी आई नीट बघतेय आणि शेजारी बाबा, चेहरा शांत, पांढरा, डोळे बंद. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे मी वर्गात पोरांना मोठ्या आवाजात सांगते, आणि इथे माझं बोट बटणावर जाईना.

"दाखव ना," बाबा म्हणाले.

"बॅटरी उतरली," मी म्हणाले, आणि मागच्या अंगणात जाऊन दुकानदाराला फोनवर मिटलेल्या डोळ्यांचं सांगितलं.

"ऑटोवर असंन," तो म्हणाला. "ऑटोमधी तो आधी एक हलकी चमक मारते, उजेड मोजाले. काही लोकं त्या चमकीलेच डोळे मिटतात, आन फोटो मंग निघते. तुमी हातानं पॉवर ठेवा. घाबराचं काही नाही."

घाबरायचं काही नाही हे इतकं सरळ त्या दिवसांत मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन ठेवला.

बारशाच्या दुपारी अंगणात मांडव होता. मांडवाबाहेर लख्ख ऊन आणि आत सगळ्यांच्या चेहऱ्यावर सावली, म्हणून मोठ्या फ्लॅशचं खरंच काम पडलं. तो मी मांडवाच्या खांबाला उंच बांधला आणि पॉवर हातानं ठेवली. मागे काके-मामे उभे, पुढे खुर्च्या, मधल्या खुर्चीत बाबा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाळाला घेऊन वहिनी.

मी कॅमेरा डोळ्याला लावला तर बाबा वहिनीला म्हणत होते, "बेटा, थोडीशी तिकडं सरक." मग आईलाही हातानं सरकायची खूण केली. दोन्हीकडे अंतर पडलं. मागे उभ्या असलेल्यांनाही त्यांनी वळून मागे व्हायला सांगितलं.

"बाबा, जवळ बसा ना," मी म्हणाले. "फोटोत मावत नाही सगळे."

"राहू दे," बाबा म्हणाले. आवाजात काही नव्हतं, टाकीवरचा नळ बंद करायला सांगावा इतकं साधं. "तुह्या आजीच्या फोटोत काकूचा खांदा आला. बरं नाही दिसत ते. कापाले जागा पाह्यजे."

पाहुण्यांना वाटलं म्हाताऱ्यानं काही गंमत केली. कुणीतरी हसलंही. भाऊ खाली पाहू लागला. जे त्यांच्यापासून लपवायला मी एवढी धावपळ केली, ते सगळं त्यांना माहीत होतं, आणि ते मला मदत करून राहिले होते.

आई उठली. खुर्ची उचलून तिनं बाबांच्या खुर्चीला अगदी भिडवली, बसली, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावला.

"येऊ दे माहा खांदा," ती म्हणाली.

बाबा सरकले नाहीत. खांबावरचा फ्लॅश तयार असल्याचा लाल दिवा लागला होता. मला समोरचं नीट दिसत नव्हतं तरी मी बटण दाबलं.

फोटोत बाबांचे डोळे उघडे आहेत, चष्म्यावर चमक नाही, मागच्या रांगेतला शेवटचा मामाही ओळखू येतो. फक्त कापायला जागा राहिलेली नाही.