म्हशीसाठी जमिनीत घातलेलं छत

आधी आजींचं सांगते, मग खड्ड्याचं. आजी म्हणजे आमच्या शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या बाई. नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत, आमच्या मुलखातल्याही नाहीत. मी कोल्हापूरकडची, त्या इथल्याच, बार्शीटाकळीच्या. त्यांचं बोलणं मला पहिले सहा महिने निम्मंच कळायचं. सकाळी ताक न्यायला यायच्या आणि मला दोन शब्द सुनावून जायच्या. त्या नसत्या तर आज आम्ही या शेतावर नसतो, एवढं मला नक्की माहीत आहे. बाकी त्या दिवसांतलं बरंचसं मला अजून नीट उमगलेलं नाही.

मालक अमरावतीला वकिली करतात. त्यांचं हे शेत मुरमाड टेकाडावर, आणि राखणीला आम्ही नवराबायको. माझी शाळा आठवीत सुटली, नवऱ्याची त्याच्याही आधी. मिळालेलं काम घट्ट धरून ठेवायचं, एवढंच आम्हाला येतं. त्या वैशाखात सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं म्हणून नवरा गावी गेला. मागे मी एकटी, दोन म्हशी आणि एक मोबाइल.

दोघींतली थोरली आठ महिन्यांची गाभण होती. दिवसभर जीभ काढून धापा टाकायची. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "बाई, हिले पान्यात बसू द्या. असंच राह्यलं तर गाभडन हे." म्हैस गाभडली, पोटातलं गेलं, तर मालक काय म्हणतील, नवऱ्याला फोनवर काय सांगू, हेच डोक्यात फिरायला लागलं. विहिरीनं तळ दाखवलेला. टँकर आठवड्यातून एकदा. मालकांनी जेसीबीवाला पाठवून गोठ्यामागे खड्डा काढून दिला. त्यात टँकर ओतला. दुपारी काठोकाठ भरलेला खड्डा दिवेलागणीला कोरडा! सगळं पाणी मुरमानं पिऊन टाकलं होतं.

मग मालकांनी व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी देशातला गोरा माणूस तळ्याच्या बुडाशी राखाडी पावडर पसरत होता. "याला बेंटोनाइट म्हणतात. एक प्रकारची मातीच. पाणी लागलं की फुगते आणि भेगा बुजवते. अकोल्यात मिळेल, घेऊन ये."

मी नाव चार वेळा विचारून कागदावर लिहून घेतलं आणि बसनं अकोला गाठलं. एकाच मातीला इतके धंदे असतील असं मला वाटलं नव्हतं. जडीबुटीच्या दुकानात गेले तर त्यानं मुठीएवढी पुडी पुढं केली, "चेहऱ्याले लावा, मस्त उजळते." मी म्हटलं, म्हशीसाठी पाहिजे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुडी मागं घेतली. तिथून कुणी पाळीव प्राण्यांच्या दुकानात धाडलं. तिथं पिशवीत अत्तराचा वास लावलेले दाणे, मांजरानं त्यात शी करायची म्हणे. विजेच्या दुकानात तेच नाव सांगितलं तर तो म्हणाला, "अर्थिंगच्या खड्ड्यात टाकाची पावडर? किती मीटर आहे?" मला मीटरचं काय ठाऊक. माझ्या हातातला कागद घामानं ओला झाला. खरंच ही एकच माती आहे, की सगळे मिळून माझी चेष्टा करताहेत, हेच कळेना.

शेवटी बोअरचं सामान विकणारा एक भला माणूस भेटला. त्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, खारपाणपट्ट्यात जमीन मऊ असते, ट्यूबवेल खोदताना भोकाच्या भिंती ढासळतात, म्हणून तिथं हीच माती पाण्यात कालवून सोडतात. "पान्यात टाका अन् घोटा. बस." दोन पोती मालवाहू ऑटोत चढवून दिली. त्याचे उपकार मानत मी परत आले.

आणि त्यानं सांगितलं तसंच केलं. पुढचा टँकर खड्ड्यात रिकामा करून घेतला आणि एक अख्खं पोतं वरून ओतलं. घोटलं बांबूनं, हाताला फोड येईस्तोवर. पावडरीचे लाडू झाले. वरून बुळबुळीत आणि फोडलं की आत कोरडी धूळ! थोरलीला पाण्याचा वास लागलेला, ती दावं तोडून आली आणि काठावर सांडलेल्या त्या लापशीवर तिचे पुढचे पाय घसरले. गुडघ्यावर बसली. पोट जमिनीला टेकलं. मी ओरडले ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

आजी कुंपणातूनच आत आल्या. दोघींनी मिळून तिला उठवलं, पाठीवर ओलं पोतं टाकलं, सावलीत बांधलं. मग त्यांनी खड्ड्याकडं बघितलं. पाणी उतरायला लागलंच होतं.

"काहून वं कोल्हापूरवाली, म्हैस बसवाले खड्डा केला का पिठलं शिजवून राह्यली?"

मी रडत व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो बघितलाच नाही. लाडवातली कोरडी पावडर चिमटीत घेतली, जिभेला लावली, थुंकल्या.

"हे तं छताची माती दिसते. जराशी तेज आहे."

"छताची?"

"तुमच्या इकडे छत कायचं राह्यते?"

"कौलाचं."

"म्हनून तुले समजत नाही. आमचं धाब्याचं घर. लाकडावर पाला, पाल्यावर माती. छतावरचं पानी खाली घरात उतरू द्याचं नाही. इथं खड्ड्यातलं पानी खाली मुरमात उतरू द्याचं नाही. काय फरक आहे? छत समजून घाल."

मला तेही कळेना. छत वर असतं, खड्डा खाली. पण त्यांनी पदर खोचला होता, आता विचारायची हिंमत नव्हती.

खड्डा सुकू दिला. उरलेलं एक पोतं पुरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजींनी त्यांच्या पुतण्याच्या बैलगाडीत पांढुरकी माती भरून आणली. कुठली म्हणून मी विचारलं तर "होती घरी" एवढंच. ती चाळली आणि त्यात पावडर कोरडीच मिसळली. खड्ड्याची एक बाजू फोडून चालत उतरता येईल असा उतार केला. "म्हैस काय उडी मारन?" मग चार बोटं जाडीचा थर. धुमसाच्या जड लाकडी ठोकळ्यानं ठोकायचा, पाणी नुसतं शिंपडायचं, ओली पोती झाकून ठेवायची. परत थर. मी घाईत बादली उचलली की त्या हातावर चापट मारायच्या. "आंघोय घालून राह्यली का त्याले? घाम येईन एवढंच पानी दे." शेवटी वरून वितभर वाळूमिश्रित मुरूम पसरला, म्हणजे खुरांनी खालचा थर फाटणार नाही आणि पाय घसरणार नाही.

टँकर आला. मी काठावर काडी रोवून खूण केली. दिवेलागणीला पाणी खुणेलाच होतं. दुसऱ्या दुपारी दोन बोटं खाली गेलं असेल, तेही उन्हानं. थोरली उतारावरून एकेक पाऊल टाकत आत गेली, बसली, आणि असा उसासा सोडला की मी तिथंच मातीत बसले.

आठवड्यानं मालक आले. खूश झाले. "बघितलंस, शास्त्र आहे ते! पावडरीची कमाल." मी आजींकडं बघितलं. त्या ताकाची लोटी घेऊन उभ्या. "हाव साहेब, पावडर लय भारी," म्हणाल्या आणि गालात हसल्या. पाणी पावडरीनं धरलं, आजींच्या मातीनं धरलं की ठोकण्यानं, मला आजही सांगता येणार नाही. मी मालकांना काहीच बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं का, याचाही अजून घोळ आहे मनात.

आषाढात थोरली व्याली. पारडी झाली, धडधाकट. तोवर नवराही परतला होता. तिसऱ्या दिवशी मी खरवस करून आजींच्या घरी गेले. दीड वर्षात पहिल्यांदाच. बाहेर पावसाची भुरभुर होती. आत जमिनीवर तीन भांडी मांडलेली आणि छतातून टप टप चाललेलं. दाराशेजारी मातीचा ढीग उचलल्याची पांढुरकी खूण होती, जागा रिकामी.

दरसाल पावसाआधी छतावर नवी माती घालावी लागते, हे मला तेव्हा कळलं. ती आणून ठेवलेली माती म्हणजे आमच्या खड्ड्यात गेली ती.

"आजी, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू घेतली असती का? आन तो खरवस इकडे."

मी भांडी बदलत राहिले, त्या खात राहिल्या. साखर कमी पडली म्हणाल्या.

आता त्यांचे गुडघे शिडी चढत नाहीत, पुतण्या कामाला बाहेर गेला आहे. मला उंचीची भीती वाटते, माळ्यावरसुद्धा मी नवऱ्यालाच चढवते. तरी एखाद्या वैशाखात, त्या असेपर्यंत, मी त्या छतावर चढणार आहे. माती चाळून, थरावर थर, घाम येईल एवढंच पाणी देऊन. त्या खाली अंगणात बसून ओरडतील, मी वर ठोकत असेन.